जुनाच कॅन्सर उलटला, की नवा झाला?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर रेडियम घेऊन बरी झालेली बाई पंधरा वर्षांनी गर्भाशयात गाठ घेऊन येते. केसपेपरवर काय लिहायचं?

१९४८ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलच्या विल्यम काहान आणि सहकाऱ्यांनी निकष मांडले: आधी किरणं दिलेली हवीत, गाठ त्याच भागात हवी, मध्ये बरीच वर्षं गेलेली हवीत, आणि तपासणीत ती सिद्ध व्हायला हवी. हे सगळं हाडांच्या सार्कोमासाठी, तेही ११ रुग्णांवरून! पुढे तेच निकष गर्भाशयालाही लावले गेले. तिथे पेशींचा प्रकार पहिल्यापेक्षा वेगळा दिसला, तर नवा कॅन्सर म्हणायला आधार मिळतो.

पण निकष जुळले म्हणजे किरणांमुळेच झालं, असं नाही बरं का. काहींना तो तसाही झाला असता. मग किरणं न घेतलेल्या बायकाही तुलनेला लागतात. जॉन बॉइस यांच्या १९८५ च्या अभ्यासात म्हणून तर आठ देशांतल्या १,८२,०४० रुग्णांच्या नोंदी आहेत.

आणि ‘मधली वर्षं’ तरी खरी कुठे? किरणांनी गर्भाशयमुख आकसतं, रक्त आतच साचतं. आपण मोजतो ती तारीख रोग सापडल्याची, सुरू झाल्याची नव्हे.