वऱ्हाडातील नवा इजारा

मालकी आणि वहिवाट यांतील भेद वऱ्हाडच्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये तोच सालीना पंचवीस लक्ष रुपयांच्या बोलीवर कायमच्या इजाऱ्याने त्यांच्याकडे गेला. तेव्हापासून सार्वभौमत्व हैदराबादेस, अंमल इंग्रजांचा, आणि सारा भरणारा कास्तकार तिसराच, अशी ही विलक्षण व्यवस्था आपल्या आजोबा-पणजोबांनी मुकाट्याने पाहिली. अकोल्याच्या जठारपेठेत विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरी संगणक येऊ लागले, तेव्हा हीच व्यवस्था नव्या वेषात दारी आली आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आले.

विंडोजची पेटी विकत घेणारा गृहस्थ वस्तुतः काहीच विकत घेत नाही. त्याला मिळतो तो केवळ वापराचा परवाना, आणि प्रणालीच्या अंतरंगात डोकावण्याचा, तिची नक्कल शेजाऱ्यास देण्याचा किंवा तीत फेरफार करण्याचा अधिकार कंपनीच्याच दप्तरी राहतो. याच्या उलट, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्सचा गाभा, यांच्या संयोगातून जी प्रणाली उभी राहिली, तिच्या कबुलायतीत अट एवढीच, की घेणाऱ्याने ती पुढे देताना स्वतःस मिळालेले स्वातंत्र्य पुढच्यासही द्यावे. सनदा दोन्ही, पण एक इजाऱ्याची आणि दुसरी, गावच्या गायरानासारखी, समाईक हक्काची.

असे असता जठारपेठेतील मध्यमवर्गीयाने गायरान का निवडले नाही? याचे उत्तर तत्त्वज्ञानात नसून कच्च्या पावतीत आहे. त्या काळी संगणक बहुधा ‘असेंबल’ करून घेतला जाई. पावतीवर कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क आणि मॉनिटर यांची कलमवार किंमत असे, पण प्रणालीच्या नावे रकानाच नसे. कोणी भाबडेपणाने विचारलेच, तर दुकानदार हसून म्हणे, ‘‘विंडोज टाकून देतो ना भाऊ, त्याचे काय पैसे!’’ प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशी चोरटी नक्कल जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद होती, हे त्या हसण्यात विरून जाई. मला तर वाटते, फुकट मिळणाऱ्या लिनक्सचा पराभव महागड्या विंडोजने केलाच नाही. तो फुकटात मिळणाऱ्या विंडोजने केला.

शिवाय ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेल्या चकतीवरून एखाद्या हौशी तरुणाने लिनक्स बसवलेच, तरी संगणकाच्या पोटातील स्वस्त मोडेम त्यास ओळख देत नसे आणि दूरध्वनीच्या तारेवरून येणारे आंतरजाल उंबऱ्यातच अडे. कापसाच्या आडत्याचा हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजवर. धाकट्याची एमएस-सीआयटी, तीही विंडोजवर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने या शतकाच्या प्रारंभी सुरू केलेला हा अभ्यासक्रम पुढे सरकारी नोकरीच्या अर्जास जोडावयाचा दाखलाच होऊन बसला. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली आणली. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीच्या खिडक्या उघडण्यास शिकणे, असे समीकरण रूढ झाले.

पण खरी गंमत लिपीची. मराठी मजकूर जुळवणारे छापखाने श्रीलिपी अथवा सी-डॅकचे आयएसएम वापरीत, आणि प्रत्येकाची अंतर्गत सांकेतिक भाषा निराळी असल्यामुळे एका यंत्रावर लिहिलेली लग्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर विचित्र चिन्हांची रांगोळी होऊन उमटे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली होती, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. परंतु विंडोजमध्ये देवनागरीस युनिकोडचे घर लाभले ते विंडोज २००० पासून. लिनक्सच्या बाजूने इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांतील स्वयंसेवकांनी भाषांतराचे काम अंगावर घेतले, लोहित हा मुक्त टंक आला, आणि सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांस आधार देणारी लिनक्स प्रणाली प्रसृत केली. कोणती प्रणाली मराठीस किती जवळची, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आपल्या प्रांताच्या नावातच आहे: ‘वऱ्हाड’ लिहावे. त्यातील अर्धा र हा मराठीचा खास लेणेदार र. ज्या यंत्रास तो ठाऊक नाही ते हकारावर रफार चढवून ‘वर्हाड’ असे काहीसे लिहून मोकळे होते. मुक्त टंकात असा दोष आढळला तर जाणकारास तो स्वतः दुरुस्त करता येतो. बंद टंकात अर्ज करून बसावे लागते.

कंपनीने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. नव्या आवृत्तीस हवी असलेली सुरक्षा-चिप नसल्यामुळे अनेक धडधाकट यंत्रे एका तारखेत वृद्ध ठरली. १९०२ चा तो ‘कायमचा’ इजाराही उणीपुरी पंचेचाळीस वर्षेच टिकला होता. अशाच एका वृद्ध ठरलेल्या यंत्रावर परवा एका विद्यार्थ्याने लिनक्स चढवून दिले. मी पहिल्याने ‘वऱ्हाड’ हाच शब्द टंकून पाहिला, आणि र जागच्या जागी उमटला.