दुरुस्तीचा अधिकार

लिहिणे कोणाला नाकारले गेले, याचा इतिहास आपण पुष्कळ मांडला आहे. परंतु एकदा लिहिले गेलेले दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न आपल्या चर्चेत फारसा येत नाही. संगणकाच्या इतिहासात तो उघडपणे दिसतो. संगणकाला तारेने जोडलेला पडदा आणि कळफलक, ज्याला 'टर्मिनल' म्हणत, त्याच्याकडे या अंगाने पाहावयास हवे.

पडदा येण्यापूर्वी अमेरिकेतील कचेऱ्यांत मजकूर पंचकार्डावर जाई. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या कार्डावर ८० रकाने होते. एका रकान्यात एक अक्षर. एकदा पडलेले छिद्र बुजत नसे, त्यामुळे एक अक्षर चुकले की अख्खे कार्ड नव्याने करावे लागे. एकीने टंकलेला मजकूर दुसरी पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा टंकी. दोहोंत फरक राहिला तर यंत्र त्या रकान्यावर कार्डाच्या वरच्या कडेला खाच पाडी. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मजकूर त्यांचा नव्हता. चूक मात्र त्यांची ठरे.

१९७१ साली आयबीएमने ३२७० ही टर्मिनलांची मालिका आणली. तिच्या मोठ्या पडद्यावर २४ ओळी होत्या आणि ओळीत ८० अक्षरे. हा ८० चा आकडा कार्डाचाच वारसा. कळ दाबली की अक्षर थेट मुख्य संगणकाकडे जात नसे. ते टर्मिनलाच्या बाजूच्या स्मृतीत थांबे. 'एंटर' दाबले म्हणजे मगच भरलेला मजकूर एकदम पुढे जाई. तोपर्यंत कर्सर मागे नेऊन हवे तितके खोडावे, मध्ये अक्षर घालावे, त्याचा कोणालाही पत्ता लागत नसे. श्रम करणाऱ्या माणसाला आपली चूक आपणच निस्तरण्याची ही मोठी सवड होती.

पण त्याच पडद्यावर दुसरीही व्यवस्था होती. पडदा रकान्यांत विभागलेला असे, आणि काही रकाने 'संरक्षित' असत. तेथे कर्सर नेता येई, परंतु अक्षर टंकले की कळफलक अडे. 'रिसेट' दाबल्याशिवाय पुढे काही चालत नसे. यामागे कारण होते. अर्जाचा मथळा भरणाऱ्याच्या हातून पुसला जाऊ नये आणि महागड्या मुख्य संगणकाचा वेळ वाचावा, हे रास्तच होते. मात्र कोणता रकाना उघडा आणि कोणता बंद, हे ठरविणारा कार्यक्रम लिहिणारा वेगळा आणि दिवसभर पडद्यासमोर बसणारी वेगळी. तिला उत्तर दुरुस्त करता येई, प्रश्न नव्हे.

याच दशकात विद्यापीठांत दुसरी वाट निघाली. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९६९ साली लिहिलेला 'एड' हा संपादक कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपसाठी होता. चूक झाली की तो फक्त एक प्रश्नचिन्ह उमटवी. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलुरिस यांनी त्यावरून 'ईएम' तयार केला. नावाचा अर्थ 'मर्त्यांसाठी संपादक'. १९७६ साली ते बर्कलीला आले. तेथे बिल जॉय यांनी तो पाहिला आणि पुढे 'व्हीआय' लिहिला. जॉय यांच्यासमोर एडीएम-३ए हे स्वस्तातले टर्मिनल होते. त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण काढलेले होते. व्हीआयमध्ये आजही त्याच कळांनी कर्सर हलतो. सेकंदाला ३० अक्षरे आणणाऱ्या तारेवर पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून अधिक लागे, म्हणून आज्ञा एका-दोन अक्षरांच्या: 'एक्स'ने अक्षर पुसावे, दोनदा 'डी'ने ओळ काढावी, 'यू'ने केलेले मागे घ्यावे. वापरणारानेच आपल्या अडचणीतून हे साधन घडविले, हे येथे महत्त्वाचे. अर्थात ते घडविणारे विद्यापीठापर्यंत पोहोचलेले होते, हेही विसरून चालणार नाही.

या पडद्यांवर आपले अक्षर नव्हते. ॲस्की या संकेतात १२८ जागा, त्यात देवनागरीला एकही नाही. कानपूरच्या आयआयटीत या प्रश्नावर काम झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' या नावाने ते पुढे नेले. १९९१ साली इस्की हा भारतीय संकेत प्रमाण ठरला. त्यात 'क्ष' हा आकार साठवला जात नसे. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे साठत आणि आकार यंत्र जोडी. म्हणून जोडाक्षर मोडून त्यातले एकच चिन्ह बदलता येऊ लागले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच आली. अक्षराला प्रवेश मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

तरी जुना प्रश्न उरतोच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावातला काना गेलेला दिसला. नाव जुन्या नोंदीतून आपोआप आले होते, रकाना करडा होता, कळ दाबून काही उमटत नव्हते. कानाही देवनागरीत होता, कळफलकही. ज्या कचेरीत ती चूक झाली तेथे मात्र तिची पोहोच नव्हती. एका कान्यासाठी बापलेकींनी तीन खेपा घातल्या आणि बापाची तीन दिवसांची मजुरी बुडाली.

आपल्या मुलांना टंकणे शिकविणे आवश्यकच आहे. पण तेवढ्यावर थांबता कामा नये. कोणता रकाना बंद ठेवायचा हे ठरविणाऱ्या मेजापर्यंत ती पोहोचली पाहिजेत, आणि तोवर बंद रकान्याचा जाब आपण विचारला पाहिजे.