जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांच्या संबंधात रूढ आहे. तो मोटारगाडीस लावला तर कित्येकांस हसू येईल. परंतु इंग्लंडात हा एक गंभीर व्यासंग होऊन बसला आहे. १९३४ साली तेथे ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स कार क्लब’ निघाला, आणि पुढे त्याने १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ म्हणावयाचे असा दंडक घातला. एकेका गाडीपायी दहा-दहा वर्षे घालविणारी माणसे तेथे आहेत. हा केवळ हौशी लोकांचा चाळा, की यात इतिहासाचेही काही काम होते, एवढाच प्रश्न आपणास पाहावयाचा आहे.

उदाहरणासाठी एम. जी. कंपनीची ‘टीसी’ ही दोन आसनांची गाडी घेऊ. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’वरून कंपनीचे नाव पडले. १९४५ ते १९४९ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. ही गाडी खोलावयास बसले, की पहिले कोडे पडते ते बोल्टांचे. १२५० सी. सी. च्या त्या इंजिनाच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, तर आटे फ्रेंच मेट्रिक पद्धतीचे! असे का? पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने कॉव्हेन्ट्रीस कारखाना काढला व यंत्रे फ्रान्सची आणली. १९२३ साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला. यंत्रे तीच राहिली, म्हणून आटेही तेच राहिले. मात्र इंग्रज कारागिराच्या हातचा पाना बसावा म्हणून डोकी तेवढी देशी ठेवली. एका महायुद्धाची खूण अशी एका बोल्टात जपली गेली आहे. अजाण मेस्त्री त्यात बाजारचा नवा बोल्ट ठोकतो, तेव्हा आटे तर जातातच, पण पुरावाही जातो.

दुसरी गोष्ट लाकडाची. या गाडीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. घोडागाड्या बांधणाऱ्या सुतारांची ती परंपरा. हे लाकूड कुजते आणि बदलावे लागते. येथेच खरा पेच उभा राहतो. लाकूड बदलले, पत्रा बदलला, उद्या इंजिनही बदलले. तर उरलेली गाडी जुनी कशी?

हा वाद १९९० साली लंडनच्या न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेन्टली गाडीने १९२९ व १९३० अशी दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ साली ब्रुकलंड्‌सला तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुढे तिला पुन्हा नवे रूप मिळाले. १९३० च्या गाडीपैकी गिअरबॉक्सचे कवच, पेडलचा दांडा व स्टिअरिंगचा दांडा एवढेच उरले असावे, अशी साक्ष झाली. ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून ग्राहक सौद्यातून मागे सरला होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. भाग हळूहळू बदलत गेले, ओळख कधीच तुटली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही, हे त्याचे सार.

आमच्या मते हा निकाल योग्यच होय. परंतु त्याने जीर्णोद्धार करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. ओळख जर अखंड परंपरेवर अवलंबून असेल, तर त्या परंपरेची नोंद ठेवणे हेच मुख्य काम ठरते. कोणता भाग केव्हा व का बदलला, हे लिहून ठेवावे; काढलेला तुकडा जपावा; जे वाचविता येते ते चकाकीच्या मोहाने फेकू नये. जुलै २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारनेही पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दारी आला आहे. नवा रंग कोणीही देईल. जुन्याची साक्ष पुसू न देता जो गाडी चालती करतो, त्यासच आम्ही जीर्णोद्धारक म्हणू.