मेंदूची शाखा कोणती?

बारावीनंतर मेंदूचा अभ्यास करायचा आहे, असे एखाद्या विद्यार्थिनीने नाशकात म्हटले तर तिला आधी शाखा विचारली जाते. मानसशास्त्र कला शाखेत, प्राणिशास्त्र विज्ञान शाखेत; दोन्ही पुणे विद्यापीठाच्या कक्षेत. शरीरक्रियाशास्त्र वैद्यकाकडे, म्हणजे १९९८ साली नाशकातच स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. १९२४ साली सुरू झालेल्या एचपीटी महाविद्यालयाच्या आजच्या नावात कला आणि विज्ञान शेजारी नांदतात. भिंत आवारात नसते, अभ्यासक्रमात असते.

ही भिंत इतरत्रही होती. १९६२ साली फ्रान्सिस श्मिट या जीवभौतिकशास्त्रज्ञाने एमआयटीमध्ये भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि मानसशास्त्र यांतील अभ्यासकांना मेंदूच्या प्रश्नाभोवती एकत्र आणले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या अॅमहर्स्ट महाविद्यालयाने हा विषय पदवी स्तरावर आणला. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतील गौण विषयाची जोड देता येऊ लागली. ('गौण' हा शब्द कोणी निवडला असेल, याचे कुतूहल वाटते.)

अशा पदवीत मराठीच्या प्राध्यापकाचे काय काम, असे कोणी विचारील. पहिले काम शब्दांचे. इंग्रजीतल्या 'नर्व्हस सिस्टीम'ला आपण मज्जासंस्था म्हणत आलो, मराठी विश्वकोश तंत्रिका तंत्र म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था आली. मज्जा हा आयुर्वेदाच्या सप्तधातूंपैकी एक. तंत्रिकेत वीणेची तार आहे. चेता तर चेतनेवरूनच घडवलेली. तीन शब्द, शरीराविषयीच्या तीन कल्पना. ग्रीक 'न्यूरॉन'चा मूळ अर्थ कंडरा किंवा दोरी; संस्कृत 'स्नायु' त्याचाच भाषिक भाऊबंद. पण बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह आणि मराठीत मसल. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. तिथली पेशी मांसाची, आपली पेशी सूक्ष्मदर्शकाखालची. हिंदी पुस्तक वाचून मराठीत उत्तर लिहिणाऱ्याची फसगत व्हायला एवढे पुरेसे आहे.

दुसरे काम अधिक जवळचे आहे. रूपक आणि लक्षणा यांचा भेद शिकवताना आपण रोमान याकोबसन यांचे नाव घेतो. पण १९५६ सालच्या त्या मांडणीचा आधार वाचाघाताचे रुग्ण होते, हे क्वचितच सांगतो. काही रुग्णांना हवा तो शब्द सुचत नाही, त्याच्या सान्निध्यातला सुचतो: चिलमीऐवजी धूर. इतरांची वाक्यरचना विस्कटते, सारखेपणावरचे शब्द मात्र उरतात: सूक्ष्मदर्शकाऐवजी दुर्बीण. ज्याला आपण काव्यशास्त्राचा भेद मानून परीक्षेत पाच गुणांना विचारतो, तो त्यांनी आजारी माणसांच्या बोलण्यातून पारखून घेतला होता. मी स्वतः हे नोकरीच्या दहाव्या वर्षी वाचले.

हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो. मग अशा रुग्णाला 'पाऊस' म्हणता येते आणि 'पावसात' म्हणता येत नाही, असे होते का?" सामान्यरूप मला ठाऊक, मेंदू नाही. मी तिला प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे पाठवले. त्यांनी मानसशास्त्राकडे पाठवले. तिथे तिला सांगण्यात आले की, हा प्रश्न व्याकरणाचा आहे, मराठीच्या सरांना विचार.