मधला हात

वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, हे वऱ्हाडातल्या लेकरालाही सांगावं लागत नाही. आषाढीला तिची पालखी इथून पंढरपूरला जाते. पण त्या घाटावर उभा राहिलो की मला पालखीआधी एक निरोप आठवतो. भागवताच्या दशम स्कंधात ती कथा आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघालेला, लग्न तोंडावर आलेलं. तेव्हा रुक्मिणीनं द्वारकेला कृष्णाकडे गुप्त निरोप धाडला. तो नेला एका ब्राह्मणानं. मराठी परंपरा त्याला सुदेव म्हणते.

तो निरोप रुक्मीच्या हाती पडला असता तर? पहारे त्याचे, वेशी त्याच्या. रुक्मिणीजवळ होता तो फक्त एक भरवशाचा माणूस. गुपित लिहिणाऱ्याकडून सहसा फुटत नाही, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडूनही क्वचितच. ते फुटतं मधल्या हातात. आज या मधल्या हाताबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या प्रत्येक कचेरीत तो कोपऱ्यात बसलेला असतो. त्याचं नाव प्रिंटर.

रुक्मिणीच्या याच कथेवर महानुभाव कवी नरेंद्रानं तेराव्या शतकाच्या अखेरीस 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. परंपरा सांगते की, रामदेवराय यादवाला ते इतकं आवडलं की, ग्रंथावर माझं नाव घाल, सोनं देतो, असं तो म्हणाला. कवीनं नकार दिला. पोथी दरबारात अडकणार हे दिसताच नरेंद्र आणि त्याच्या भावांनी जमतील तेवढ्या ओव्या रातोरात उतरवून घेतल्या. आज मिळणारा ग्रंथ नऊशेच्या जवळपास ओव्यांचा आहे. ज्याच्या हाती नक्कल, त्याच्या हाती ग्रंथ, हे आपल्याला सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

अमरावती जिल्ह्यातलंच रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. आपल्या पोथ्या परक्या हाती पडू नयेत म्हणून या पंथानं पुढे सांकेतिक लिप्या घडवल्या. त्यांतली 'सकळ लिपी' सगळ्यांत प्रसिद्ध. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, की बाहेरच्याला सगळं अनाकलनीय. पोथी चोरली तरी मजकूर चोरता येत नसे. हे कुलूप इतकं पक्कं होतं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उलगडली तेव्हा कुठे मराठीच्या आद्य गद्याकडे अभ्यासकांची वाट मोकळी झाली. कुलूप चोराला अडवतं तसं घरच्यालाही अडवतं, हाही धडा त्यातच आहे.

आमच्या घरी अम्मीला तिच्या माहेरची पत्रं उर्दूत यायची. अम्मीला वाचता येत नसे, मी मराठी शाळेतला. मग पत्र घेऊन शेजारच्या चाचांकडे जायचं. घरातलं आजारपण, उसनवारी, बहिणीच्या सोयरिकीची बोलणी सगळं चाचांना आमच्याआधी कळायचं. त्यांनी कधी कुठे ब्र काढला नाही. आमचं कुलूप म्हणजे चाचांचा स्वभाव होता.

पुढे नोकरीत लागलो तेव्हा टाइपरायटरचा जमाना होता. गोपनीय पत्र स्टेनोच टाइप करी. साहेब मूळ प्रत घेत आणि कार्बन पेपर मागून फाडून टाकत, कारण उजेडात धरला की कार्बनवर अक्षर न् अक्षर वाचता येई. लिफाफ्यावर लाख लागे. जावक वहीत नोंद होई. ही शिस्त कुणी शिकवायला लागत नव्हती.

मग संगणक आले, आणि दहा टेबलांसाठी व्हरांड्यात एक प्रिंटर आला. एके दुपारी मी माझा कागद आणायला गेलो. ट्रेमध्ये माझ्या कागदावर दुसराच कागद होता. एका सहकारी बाईंच्या यजमानांच्या औषधोपचाराचं बिल, आजाराच्या नावासकट. ते नाव बाईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्याआधी तीन जण तिथून गेले होते. संध्याकाळपर्यंत चहाच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. बाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या मान खाली घालूनच. चोरी झाली नव्हती. कुलूप फोडलं नव्हतं. कागद नुसता पडून होता. मी तो पालथा घालून त्यांच्या टेबलावर ठेवला, पण उशीर झाला होता.

ट्रेमधला कागद निदान दिसतो. न दिसणारी गोष्ट मला पुढे संगणकाच्या जाणकारानं समजावली. नेटवर्कला जोडलेला प्रिंटर हा स्वतःच एक संगणक असतो. मोठ्या यंत्रांत हार्डडिस्क असते आणि छापलेल्या, झेरॉक्स केलेल्या कागदांची प्रतिमा तिच्यात राहू शकते. म्हणजे आपला जुना कार्बन पेपरच, फक्त न फाडलेला. अमेरिकेत २०१० साली एका वृत्तवाहिनीनं जुनी झेरॉक्स यंत्रं विकत घेऊन उघडली, तर आत पोलिसांची कागदपत्रं आणि रुग्णांची माहिती निघाली. २०१६च्या मार्चमध्ये तिथल्याच अनेक विद्यापीठांतल्या प्रिंटरमधून आपोआप द्वेषाची पत्रकं बाहेर पडली. कुणी आत शिरलं नव्हतं. प्रिंटर इंटरनेटवर उघडे होते, आणि ९१०० क्रमांकाच्या दारातून येईल ते छापत होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ढाक्याला याहून मोठं घडलं. बांगलादेश बँकेत परदेशी व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर होता. एका सकाळी त्याचा ट्रे रिकामा दिसला. बिघाड असेल, असं लोकांना वाटलं. खरं तर चोरांनी आधी त्यालाच मुका केला होता. तो पुन्हा सुरू होईपर्यंत ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले होते. मधला हात फितूर करता येतो, तसा साक्षीदार म्हणून गप्पही करता येतो.

मग करायचं काय? उपाय आपल्या जुन्या शिस्तीतलेच आहेत. यंत्राबरोबर आलेला कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. तो पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे जगाला ठाऊक असतो. प्रिंटर थेट इंटरनेटवर ठेवायचा नाही. कचेरीतल्याच संगणकांचं त्यानं ऐकावं, आणि नको असलेली दारं बंद असावीत. कंपनी सुधारित प्रणाली देते ती वेळेवर भरून घ्यायची. गोपनीय कागदासाठी पिन ठेवायचा. यंत्रासमोर उभं राहून आकडे दाबल्याशिवाय कागद बाहेर येत नाही, ही सोय बऱ्याच यंत्रांत असते, फक्त कुणी चालू करत नाही. कोणी काय छापलं याची नोंद ठेवायची, ही नवी जावक वही. आणि यंत्र भंगारात देण्याआधी त्याची स्मृती पुसायची. लोकांची माहिती राखणं ही आता नुसती सभ्यता नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ती जबाबदारीच ठरवली आहे.

मात्र रिद्धपूरचा धडा विसरू नये. सगळ्यालाच कुलूप घालायचं नाही. मदतीची यादी, खर्चाचा हिशेब लोकांना दिसलाच पाहिजे. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. कुलूप हवं ते त्या बाईंच्या बिलाला. काय उघडं ठेवावं आणि काय झाकावं, हे यंत्र ठरवत नाही, आपल्याला ठरवावं लागतं.

रुक्मिणीचा निरोप द्वारकेला पोचला, कारण तिनं मधला हात पारखून निवडला होता. आपण प्रिंटर निवडताना किंमत विचारतो, मिनिटाला किती पानं छापतो ते विचारतो. तो भरवशाचा आहे का, एवढं मात्र विचारत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)