लोखंडाला मज्जाव असलेली इमारत

अलिबागला सहल नेली की आपण मुलांना कुलाबा किल्ला दाखवतो आणि परततो. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा राहूनच जाते. आमच्या मते बांधकामाचा अनोखा नमुना म्हणून तीही पाहण्यासारखी आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नोंदी बिघडवणार होता. कारण या चुंबकत्वात रोज होणारा बदल मूळ मूल्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच असतो. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत वेधशाळा अलिबागला आली. (कुलाब्याहून निघाली ती कुलाबा जिल्ह्यातच पोचली! जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.)

पण बांधायचे कशाने? कोकणातल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात. असा दगड होकायंत्राजवळ फिरवून पाहा, सुई कधी कधी चांगलीच हलते. म्हणून पोरबंदरचा फिकट दगड पारखून आणला. लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरले.

१९०४ मध्ये येथे नोंदी सुरू झाल्या, तरी मुंबईतली उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. दोन ठिकाणच्या मूल्यांतला फरक त्यामुळे कळला आणि साठ वर्षांची जुनी मालिका न तुटता पुढे जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.