एका इंजिनाची वेगवान नौका: निवड करताना

वेगवान नौका घेऊ इच्छिणारा ग्राहक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो तिच्या कमाल वेगाचा. नौकेला एकच इंजिन असेल, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: पूर्ण भार घेऊन, वारा उठल्यावर, ती आपणास सुखरूप किनाऱ्यास आणील काय? दोन इंजिनांपैकी एक बंद पडले तर दुसऱ्याच्या बळावर बंदर गाठता येते. एकाच इंजिनाच्या नौकेत ही सोय नसते. उलट तिचे वजन व किंमत कमी असते, इंधन कमी लागते आणि देखभालीचा खर्चही आटोक्यात राहतो. हे लाभ घ्यायचे, तर निवड तळापासून सुरू करावी आणि इंजिनाचा विचार त्यानंतर करावा.

तळाचा आकार. नौकेच्या मागच्या टोकाशी तळ आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर चढतो, यावर तिची चाल ठरते. १२ ते १५ अंशांचा उथळ तळ कमी शक्तीत पाण्यावर उचलला जातो व थांबलेल्या स्थितीत स्थिर राहतो. मात्र लाटांवर तो आदळतो. २० ते २४ अंशांचा खोल तळ लाट कापत जातो, परंतु त्यास अधिक शक्ती लागते आणि उभ्या स्थितीत नौका अधिक डुलते. अमेरिकन आरेखक रेमंड हंट यांनी हा खोल ‘व्ही’ आकार रूढ केला. १९६० साली खवळलेल्या समुद्रात झालेली मियामी ते नासाऊ शर्यत ‘मॉपी’ या त्यांच्या आरेखनाच्या नौकेने जिंकली आणि या आकाराचा दबदबा निर्माण झाला. मॉपीला दोन इंजिने होती. पण १९६४ साली डॉन अॅरोनो यांनी स्थापन केलेल्या डॉन्झी कंपनीने हाच तळ एका इंजिनाच्या अवघ्या १६ फुटी नौकेस दिला. केवळ नदीत फिरणाऱ्यास मध्यम उतार पुरेसा होतो. मांडवी वा जुवारीच्या मुखाबाहेर जाणाऱ्याने मात्र २० अंशांहून कमी उताराचा विचार करू नये.

शक्ती आणि वजन. नौकेचा वेग अश्वशक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. तो शक्ती व वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे शक्ती दुप्पट केली तरी वेग साधारण ४१ टक्केच वाढतो. १,५०० किलो वजनाच्या वेगवान बांधणीच्या नौकेस ३०० अश्वशक्तीचे इंजिन असल्यास सुमारे ५० नॉट, म्हणजे ताशी ९२ किलोमीटरच्या आसपास वेग अपेक्षित असतो. तीत माणसे, इंधन व सामान मिळून ५०० किलो भार चढला, की तो ४३ नॉटपर्यंत उतरतो. विक्रेता सांगतो तो वेग किती भारावर मोजला, हे म्हणूनच विचारून घ्यावे. नौकेवरील पाटीत नमूद केलेल्या कमाल अश्वशक्तीची मर्यादा ओलांडू नये.

बाहेरचे की आतले इंजिन. आउटबोर्ड इंजिन वापरानंतर पाण्याबाहेर उचलता येते, गोड्या पाण्याने धुता येते आणि बिघडल्यास पूर्ण बदलता येते. १९५९ साली व्होल्वो पेंटाने बाजारात आणलेल्या स्टर्नड्राइव्ह पद्धतीत इंजिन नौकेच्या आत व पंखा बाहेर असतो. त्यामुळे वजन खाली व पुढे राहून तोल चांगला सांभाळला जातो. परंतु त्याचा खालचा भाग खाऱ्या पाण्यात राहतो आणि जोडावरील रबरी आवरण फाटल्यास पाणी थेट आत शिरते. बंद कप्प्यातील पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने वाफा बाहेर काढणे अत्यावश्यक असते. नौका सदैव खाऱ्या पाण्यात ठेवायची असल्यास आउटबोर्ड अधिक सोयीचे ठरते.

पंखा व सुकाणू. उजवीकडे फिरणाऱ्या एकट्या पंख्याच्या पीळामुळे नौका डावीकडे कलते. चालकाचे आसन सहसा उजवीकडे असण्याचे हे एक कारण आहे. अतिवेगात काही नौका आळीपाळीने दोन्ही कुशींवर हिंदकळू लागतात. अशा वेळी ढिले सुकाणू घातक ठरते. म्हणून हायड्रॉलिक सुकाणू असावे व त्यात किंचितही सैलपणा नसावा. नेहमीच्या भारासह पूर्ण वेगात इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर पंख्याची निवड चुकली आहे असे समजावे.

जुनी नौका घेताना. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, ती प्रथम तपासावी. फायबरच्या आत लाकूड असल्यास पाणी मुरून ते कुजते. ठोकल्यावर बद्द आवाज येतो आणि इंजिन हलवल्यास फळी लवते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. चाचणी सकाळच्या शांत पाण्यात उरकू नये; दुपारी वायव्येचा वारा उठल्यावर, चार माणसांसह घ्यावी.

सुरक्षा. चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी सुटताच इंजिन बंद करणारी कळ ही वेगवान नौकेतील अत्यंत महत्त्वाची वस्तू होय. चालक पाण्यात पडल्यास तीच नौका थांबवते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान नौकांवर तिचा वापर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. याखेरीज प्रत्येकास जीवरक्षक जाकीट, पुरेशा दोरासह नांगर, व्हीएचएफ संच आणि शक्य असल्यास स्वतंत्र इंधनटाकीचे लहान पर्यायी इंजिन ठेवावे. नदीमुखाशी, वाळूच्या बांधावर लाटा फुटत असता मुख्य इंजिन बंद पडले, तर हाती मिनिटेच असतात.

नोंदणी, तपासणी व चालकाच्या परवान्याबाबत पैसे मोजण्यापूर्वी बंदर कप्तान खात्याकडे चौकशी करावी. अंदाजपत्रकात इंजिनासाठी राखलेल्या रकमेतून थोडी कमी शक्ती घेऊन उरलेले पैसे सुकाणू, सुरक्षा साहित्य व पर्यायी इंजिनावर खर्च केल्यास कमाल वेगात चार-पाच नॉटच कमी होतात.